दहा मिनिटांच्या चालीची किंमत

नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत कुणी कुणाला विकली हे समजून घ्यायचं तर कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं, कारण या व्यवहारातल्या सगळ्या पात्रांचं आडनाव एकच आहे. विकणारी 'एआय अ‍ॅसेट्स होल्डिंग लिमिटेड' ही कंपनी, म्हणजे केंद्र सरकार. घेणारं महाराष्ट्र सरकार. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीनही महाराष्ट्र सरकारचीच. १९७० मध्ये ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एअर इंडियाला दिली, आणि तेव्हाची एअर इंडिया म्हणजे परत सरकारच. बरं, निदान स्पर्धक तरी बाहेरचे असावेत! २०१८ मध्ये इमारत विक्रीला काढली तेव्हा तीन बोली पुढे आल्या. महाराष्ट्र सरकारची १,४०० कोटींची, जवाहरलाल नेहरू बंदर न्यासाची १,३७५ कोटींची आणि आयुर्विमा महामंडळाची १,२०० कोटींची. विकणारं सरकार, बोली लावणारे तिघेही सरकारी, जमीनमालक सरकार आणि पैसे तेवढे आपले. एवढ्या घरगुती मामल्यात चुरस होण्याचं काही कारण नव्हतं. तरीही झाली, आणि बंदर न्यास अवघ्या पंचवीस कोटींनी मागे पडला, हे दोन्ही पक्षांच्या खिलाडूपणाला शोभणारंच आहे.

शेवटी व्यवहार ठरला तो १,६०१ कोटींना. राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये खरेदीला होकार दिला आणि केंद्राने मार्च २०२४ मध्ये विक्रीला. म्हणजे पहिल्या बोलीपेक्षा २०१ कोटी जास्त. हे दोनशे कोटी का वाढले याची उत्तरं मूल्यांकनाच्या अहवालांत सापडतील. मला मोह पडतो तो वरच्या एका कोटीचा. लग्नाच्या पाकिटात आपण पाचशे एक घालतो, हजार एक घालतो, तसे इथे सोळाशे एक घातले आहेत. शकुनाचा रुपया इथे एक कोटीचा आहे, एवढाच काय तो फरक. आणि परतीच्या आहेराची आशा मनात असेल तर तीही सोडा, कारण तो आहेरही आपणच केला. राज्य सरकारला या कंपनीकडून थकलेल्या उत्पन्नाचे आणि त्यावरच्या व्याजाचे २९८ कोटी ४२ लाख रुपये येणं होतं. बाजारातला कुठलाही शहाणा गिऱ्हाईक अशा वेळी म्हणतो, "आधीची बाकी वळती करून घ्या, उरलेले देतो." आपल्या सरकारने ती बाकी माफ करून टाकली आणि वर पूर्ण किंमत कबूल केली. येणं आपलं, देणंही आपलंच, आणि आभार समोरच्यांनी मानायचे तेही त्यांनी मनातल्या मनात मानले असावेत.

इथवर वाचल्यावर 'काय ही उधळपट्टी!' असं ओरडायची रीत आहे. ती मी पाळणार नाही, कारण आकडे आडवे येतात. इमारतीचं क्षेत्रफळ ४६,४७० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाच लाख चौरस फूट. भागाकार केला तर फुटाला बत्तीस हजार रुपये पडतात. माफ केलेली रक्कमही किमतीत धरली तर अडतीस हजार. मरीन ड्राइव्हच्या टोकाला, खिडकीतून अरबी समुद्र दिसत असताना, हा भाव ऐकून वरळीत फ्लॅट शोधणारा माणूस हळहळेल. इमारतही अगदी टाकाऊ नव्हे. न्यूयॉर्कच्या जॉन बर्गी यांनी तिचा आराखडा केला आणि १९७४ मध्ये ती उभी राहिली, तेव्हा मुंबईच्या पिक्चर पोस्टकार्डावर गेटवेच्या खालोखाल तिचा नंबर लागत असे. पन्नाशीची झाली आहे; पण पन्नाशीच्या सरकारी इमारती पाहिलेल्या माणसाला ती तरुणच वाटेल. तेव्हा भाव वावगा नाही, वस्तू वाईट नाही. तरीही या खरेदीत काहीतरी अफाट विनोदी आहे, आणि ते शोधायचं तर किमतीची फोड वेगळ्या रीतीने करावी लागते. या १,६०१ कोटींत सिमेंट-लोखंडाचे किती, समुद्राचे किती आणि मंत्रालयापासूनच्या अंतराचे किती? माझा हिशेब असा की सगळ्यात मोठा वाटा तिसऱ्या खात्यात जातो. एअर इंडिया इमारतीतून निघालेला माणूस, वाटेत कुणी ओळखीचं भेटलं नाही तर, दहाएक मिनिटांत मंत्रालयाच्या फाटकापाशी पोचतो. सरकारने खरेदी केली आहे ती मुख्यतः ही दहा मिनिटं.

पुरावा म्हणून शेजारपाजार पाहा. ज्यांना नफा-तोटा बघावा लागतो अशी मंडळी गेल्या वीसेक वर्षांत नरिमन पॉइंट सोडून वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी गेली. दिवसातले तीन तास लोकलमध्ये घालवून आलेला कर्मचारी अकरा वाजताच जांभया देतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. खुद्द एअर इंडियाने २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलवलं. म्हणजे जिच्या नावाने इमारत ओळखली जाते तिलाही तिथे राहवलं नाही. पुढे जानेवारी २०२२ मध्ये विमानं आणि महाराजा टाटांकडे परत गेले, आणि इमारत मागे राहिली. जागा नावाजलेली, मात्र एकेक पाहुणा निरोप घेऊन चाललेला, अशा वेळी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात उत्साहाने कोण येतं, तर ज्याला नफा-तोटा बघावा लागत नाही तो. इतरांना जे अंतर फार वाटलं म्हणून ते गेले, ते अंतर सरकारला फारच सोयीचं वाटलं म्हणून ते आलं. मोजपट्टी मात्र दोघांची वेगळी होती. कंपन्यांनी कर्मचाऱ्याच्या घरापासून मोजलं आणि सरकारने मुख्य सचिवांच्या दालनापासून.

हे अंतर इतकं मोलाचं झालं कसं, याची गोष्ट १९७० च्या आधीपासून सुरू होते आणि ती या व्यवहारापेक्षाही मजेची आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकातून एक योजना मांडली की मुंबई दक्षिणेकडे कोंबत राहण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, आणि ते शहर खरंच उभं राहावं म्हणून राज्य सरकारने स्वतः तिकडे जावं. सरकार गेलं की कचेऱ्या जातील, कचेऱ्यांमागे माणसं जातील, असा साधा हिशेब होता. सरकारला योजना पसंत पडली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झालं, हजारो एकर जमीन संपादित झाली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या शेतकऱ्यांची आणि मिठागरांची ताटातूट झाली. एक गोष्ट तेवढी राहिली. सरकार गेलं नाही. बेलापूरला कोकण भवन उभं राहिलं आणि कोकण विभागाच्या आयुक्तांना तिकडे बसवण्यात आलं; मंत्रालय जागच्या जागी. आणि ज्या वर्षी खाडीपलीकडे शहर वसवण्यासाठी महामंडळ काढलं, त्याच वर्षी खाडीअलीकडे समुद्रात भर घालून तयार झालेल्या जागेवर टॉवर बांधण्यासाठी एअर इंडियाला भूखंड दिला. एका हाताने गर्दी कमी करायची संस्था काढली आणि दुसऱ्या हाताने गर्दी वाढवायचा करार केला. दोन्ही कागदांवर सह्या झाल्या आणि कुणाचाही हात थरथरला नाही. पन्नासहून जास्त वर्षांनी त्या दुसऱ्या कागदाची किंमत म्हणून सरकार १,६०१ कोटी मोजतं आहे. स्वतःच निर्माण केलेली टंचाई स्वतःच चढ्या भावात विकत घेण्याचं हे उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालायला हरकत नाही, चाचणी परीक्षेला नक्की विचारतील.

जागेला नाव दिलं आहे ते खुर्शेद नरिमन यांचं, हीसुद्धा नियतीची विनोदबुद्धी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॅक बे बुजवून जमीन काढायची योजना हाती घेतली. खर्च भरतीसारखा चढत गेला आणि जमीन ओहोटीसारखी दिसेनाशी होत राहिली. लोकांनी तिला 'लॉइडचा मूर्खपणा' असं नाव ठेवलं. नरिमन यांनी त्या योजनेतल्या गैरव्यवहारांवर बोट ठेवलं, हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. सार्वजनिक पैसा समुद्रात कसा बुडतो हे ज्याने दाखवून दिलं, त्याचं नाव आपण समुद्रकाठच्या अशा जागी दिलं जिथे सार्वजनिक पैसा सार्वजनिक संस्थांकडून सार्वजनिक संस्थांकडे फिरत राहतो. नरिमन आज असते तर हिशेबाचे कागद मागायला आधी पासच्या रांगेत उभे राहिले असते, आणि अभ्यागतांना दुपारी दोननंतर आत सोडतात असं फाटकावरून कळलं असतं.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात मुद्देसूद आक्षेप असा की सरकारला जागा खरोखरच कमी पडते. हे खरं आहे. मंत्रालयाची इमारत १९५५ ची, तेव्हा तिला सचिवालय म्हणत आणि महाराष्ट्र राज्याचा जन्मही व्हायचा होता. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, माणसं दगावली, मजले जळले, विभाग विखुरले. काही विभाग जी. टी. रुग्णालयाच्या आवारातल्या इमारतीत हलवले गेले. राज्याचे विभाग रुग्णालयात दाखल झाले आणि वर्षानुवर्षं डिस्चार्ज मिळाला नाही, असं फार थोड्या राज्यांत घडलं असेल. शहरात इतरत्र भाड्याच्या जागांत कार्यालयं आहेतच. पण टंचाईची ही बाजू मान्य करताना दुसरीही पाहायला हवी. एकीकडे ई-ऑफिस आलं, फायली संगणकावर चालतात, कागद संपत आला अशी परिपत्रकं निघतात. त्या परिपत्रकाच्या प्रती काढून कपाटात ठेवल्या जातात. कागद संपत आला असेल तर पाच लाख चौरस फूट लागतात कशाला? लागतात, कारण सरकारी जागा फायलींच्या मापाने लागत नाही. ती पदांच्या मापाने लागते. मंत्र्याला दालन, दालनामागे विश्रांतीची खोली, पुढे भेटणाऱ्यांची खोली, बाजूला स्वीय सहायकांची खोली, त्यापलीकडे विशेष कार्य अधिकारी, आणि या सगळ्यांच्या पलीकडे, जिन्याखालच्या कोपऱ्यात, ज्याच्याकडे प्रत्यक्ष फाइल असते तो कक्ष अधिकारी. शिवाय जी जागा आहे तीही सगळी वापरात असतेच असं नाही. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरचं ६०२ क्रमांकाचं दालन अपशकुनी मानलं जातं आणि मंत्री ते घ्यायला बिचकतात, हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खुर्चीसाठी पक्ष बदलायची तयारी असलेली माणसं दालनाच्या क्रमांकाला भितात! पाच लाख चौरस फुटांत किती खोल्या निघतील आणि त्यांतल्या कितींचे आकडे शुभ निघतील, याचा अंदाज खरेदीपूर्वी कुणी घेतला की नाही, हे कळायला मार्ग नाही.

दुसरा आक्षेप भाड्याचा. स्वतःची इमारत झाली की भाडं वाचेल, असं सांगितलं जातं आणि ते ऐकायला गोडही लागतं. पगारदार मराठी माणसाला या युक्तिवादापुढे मान डोलवायची सवय आहे. पण पगारदार माणूस घर घेतो तेव्हा कर्जाचा हप्ताही धरतो. राज्य सरकार बाजारातून कर्ज काढतं ते सात टक्क्यांच्या वरच. सातच धरा. १,६०१ कोटींवर सात टक्क्यांनी वर्षाचे ११२ कोटी होतात, म्हणजे रोजचे तीस लाखांहून जास्त, रविवार आणि दिवाळीच्या सुट्ट्या धरून. वाचणारं भाडं या आकड्याच्या वर असेल तर फायदा, खाली असेल तर तोटा. एवढं साधं गणित आहे. त्यातही गोम अशी की या इमारतीत पूर्वी भाडेकरू होते आणि ते भाडं देत होते. राज्याने अट घातली की इमारत पूर्ण रिकामी करून द्यावी. म्हणजे भाडं देणारे बाहेर काढायचे आणि भाडं वाचवणारे आत आणायचे. आणि सगळ्यात कठीण भाग तर पुढेच आहे, कारण नवी जागा मिळाली म्हणून सरकारी कार्यालयाने जुनी जागा सोडली, असं सहसा होत नाही. जुन्या जागेत 'तात्पुरता अभिलेख कक्ष' उघडतो. अभिलेखांना पहारेकरी लागतो, पहारेकऱ्याला पंखा लागतो, आणि भाड्याचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी 'विशेष बाब म्हणून' होत राहतं.

तिसरा आक्षेप जाणकार मंडळी घेतात, जराशा हसऱ्या चेहऱ्याने. म्हणे पैसा सरकारकडून सरकारकडेच गेला, मग गेला कुठे? एका खिशातून दुसऱ्या खिशात. हा युक्तिवाद ज्यांचे दोन्ही खिसे एकाच सदऱ्याला आहेत त्यांच्यासाठी ठीक. इथे सदरे दोन आहेत. एअर इंडिया विकताना तिच्यावर ६१,००० कोटींहून अधिक कर्ज होतं. टाटांनी त्यातलं १५,३०० कोटींचं घेतलं आणि उरलेलं ४६,२६२ कोटींचं ओझं या होल्डिंग कंपनीच्या डोक्यावर आलं, म्हणून तर ती जमिनी-इमारती विकत बसली आहे. त्या डोंगरातले साधारण साडेतीन टक्के महाराष्ट्राने एका इमारतीपोटी उचलले. म्हणजे दिल्लीतून चालवलेल्या विमान कंपनीने जे कर्ज केलं, ते फेडायला सांगलीच्या पानपट्टीवाल्याचाही हातभार लागला, आणि तो बिचारा आयुष्यात कधी विमानात बसला असेलच असंही नाही. हातभार लावायला कुणाची ना नाही, महाराष्ट्र केंद्राच्या मदतीला नेहमीच धावलेला आहे. फक्त २९८ कोटींची माफी देऊन धावायची गरज होती का, एवढंच विचारायचं. राज्याच्या जीएसटी भरपाईसाठी आपण केंद्राला पत्रं लिहीत होतो तेव्हा पलीकडून 'जाऊ द्या, आम्ही थोडे जास्तच पाठवतो' असं उत्तर आल्याचं स्मरत नाही.

चौथा आक्षेप भावनेचा. ही इमारत शहराची ओळख आहे, १२ मार्च १९९३ च्या स्फोटात तिने माणसं गमावली आणि तरी ती उभी राहिली. ती कुणा बिल्डरच्या हाती गेली असती तर पाडून तिथे काचेचा मनोरा उभा राहिला असता. भावनेशी मी वाद घालत नाही. पण जमीन राज्याची आहे. भाडेपट्ट्याची सरकारी जमीन मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर चढत नाही, हे तलाठी कार्यालयात एकदा गेलेल्या प्रत्येक माणसाला पाठ असतं. बिल्डरपासून इमारत वाचवायची होती तर एक नकारार्थी शेरा पुरेसा होता. तसा शेरा लिहिण्यात आपल्या महसूल विभागाचा हात धरणारं देशात कुणी नाही. त्यासाठी १,६०१ कोटींची गरज नव्हती, निळ्या शाईचं पेन चाललं असतं.

राहतो तो पाचवा आक्षेप, आणि माझ्या मुद्द्याला खरा छेद देतो तो हाच. सरकार अंतर विकत घेतं, बरोबर आहे, कारण सरकारला अंतर परवडत नाही. सचिवाला मंत्र्याकडे दिवसातून चारदा जावं लागतं, अधिवेशनात प्रश्नाचं उत्तर तासाभरात तयार करायचं असतं, फाइल खाडीपलीकडे असली तर राज्यकारभार ठप्प होईल. ऐकताना पटतं. मग डिसेंबर येतो. नागपूर कराराला जागून महाराष्ट्राचं अख्खं सरकार हिवाळी अधिवेशनासाठी आठशेहून जास्त किलोमीटर दूर जातं. फायलींचे ट्रक निघतात, सचिव निघतात, शिपाई निघतात, मंत्र्यांचे बंगले रंगवले जातात, संत्र्याच्या बर्फीचे भाव चढतात, आणि दोन आठवडे कारभार तिथून चालतो. नीट चालतो की नाही यावर मतभेद आहेत, पण मुंबईतून चालतो तेव्हाही ते मतभेद असतातच. ज्या सरकारला दरवर्षी विदर्भात बिऱ्हाड हलवता येतं त्याला बेलापूरला एक विभाग हलवता येत नाही, यावर विश्वास ठेवायला श्रद्धा लागते. आणि अंतराचं म्हणाल, तर गडचिरोलीहून मंत्रालयात वनहक्काच्या दाव्याची चौकशी करायला येणारा माणूस हजारेक किलोमीटर येतो. त्याच्या हजार किलोमीटरची तरतूद अर्थसंकल्पात कुठल्या शीर्षाखाली आहे ते सापडत नाही. शेवटच्या दहा मिनिटांची मात्र आहे.

योगायोगही पाहण्यासारखा. राज्याच्या होकाराला दोन महिने झाले आणि केंद्राच्या होकाराला दोन महिने उरले असताना, १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडीपासून न्हावा-शेवापर्यंत २१.८ किलोमीटर. मुंबई आणि नवी मुंबई आता वीस मिनिटांवर आली, अंतर मिटलं, असं त्या दिवशी सगळीकडे सांगितलं गेलं. अंतर मिटवायला एवढा प्रचंड पूल बांधणारं सरकार त्याच हिवाळ्यात अंतर असह्य होतं म्हणून पुलाच्या अलीकडची इमारत विकत घेत होतं. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोही थेट विधान भवनाखाली येऊन थांबते. पूल झाला, मेट्रो झाली, संगणकावर फायली झाल्या, आणि इतकं सगळं झाल्यावरही सचिवाने चालत यायला हवं ते दहाच मिनिटांवरून.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात याचा उलटा प्रयोग झाला. तिथल्या खाडीवरच्या सात पुलांचा टोल गोळा करणाऱ्या प्रादेशिक प्राधिकरणाने २०११ मध्ये शहराच्या मोक्याच्या भागात टपाल खात्याची एक जुनी अवाढव्य इमारत ९३ दशलक्ष डॉलरला घेण्याचं ठरवलं. पैसे टोलच्या गल्ल्यातले. लोकांनी आरडाओरडा केला, राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये व्यवहार तपासला, दुरुस्ती-डागडुजीसह खर्च अडीचशे दशलक्ष डॉलरच्या पुढे गेला, आणि २०१६ मध्ये मंडळी नव्या घरात राहायला गेली. त्यांची आधीची कचेरी खाडीपलीकडे ओकलंडला होती. म्हणजे टोल गोळा करणाऱ्या कार्यालयाने टोलच्या पैशांतून टोल नाका ओलांडून पलीकडे बिऱ्हाड केलं, आणि ओकलंडला राहणारा त्यांचा एखादा कर्मचारी मोटारीने कामावर निघाला तर जाताना आपल्याच संस्थेला टोल देतो. तिथे लोक चिडले ते बरोबरच होतं. पण एक गोष्ट त्यांच्या खात्यावर लिहावी लागते: ते पाणी ओलांडून गेले. आपल्याला गेली पन्नास वर्षं ते जमलेलं नाही.

या सगळ्यावर कडी झाली ती २०२५ मध्ये. मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन, म्हणजे राज्य आणि केंद्र यांची भागीदारी, हिने नरिमन पॉइंटची चार एकरांहून थोडी अधिक जमीन रिझर्व्ह बँकेला ३,४७२ कोटींना विकली. मेट्रोला पैशांची गरज होती हे मान्य. पण मंत्रालयाच्या परिसरात जागा मिळत नाही म्हणून दीड वर्षापूर्वी पन्नाशीची इमारत घेतलेल्या राज्याच्याच कंपनीने त्याच परिसरातली कोरी जमीन विकावी, आणि घेणाराही परत सरकारीच निघावा, याला टंचाई म्हणायचं की अदलाबदल? नरिमन पॉइंटवर आता खासगी गिऱ्हाईक उरलं नसलं तरी काळजी नको. सरकारं एकमेकांना विकून बाजार तेजीत ठेवतील.

आणि शेवटी तो भाडेपट्टा. १९७० मध्ये ९९ वर्षांचा, म्हणजे मुदत २०६९ पर्यंत. त्या साली जमीन तशीही राज्याकडे परत यायचीच होती, एक पैसा न देता. तेव्हा राज्याने जे विकत घेतलं ती कागदोपत्री पंचेचाळीस वर्षांची घाई ठरते, वर्षाला सरासरी साडेपस्तीस कोटी रुपयांप्रमाणे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं १११ वं कलम सांगतं की पट्टा देणारा आणि घेणारा एकच झाला की पट्टा आपोआप संपतो. कायद्याच्या दृष्टीने विषय मिटला. पण सरकारी दफ्तरात काहीही आपोआप संपत नाही. विभागाने महसूल विभागाला लिहावं लागेल, महसूल विभाग जिल्हाधिकाऱ्यांचा अभिप्राय मागवेल, जिल्हाधिकारी मूळ करारनाम्याची साक्षांकित प्रत मागतील, आणि ती प्रत २०१२ च्या आगीत गेली की काय हे शोधायला एक समिती नेमली जाईल. समितीला बसायला जागा लागेल. मंत्रालयापासून फार लांब नको, एवढीच अट.